लंगोट, डायपर आणि बाळाची खरेदी

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. दुपारचा दीड वाजला होता. खान्देशातल्या उन्हाळ्याबद्दल वेगळे सांगायला नको. रस्ते ओस पडले होते आणि मी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात धुळे तालुक्यातील एका खेड्यातून एक तरुण जोडपे सात महिन्यांच्या मुलाला घेऊन आले. सोबत आजी होती. मूल रडून रडून थकलेले होते. आईने डायपर काढले, तेव्हा मांड्या, जांघा आणि ढुंगणाचा सगळा भाग लालभडक दिसला. काही ठिकाणी कातडी इतकी पातळ झाली होती की खालच्या बारीक शिरा दिसत होत्या.

चौकशी केली. चार महिन्यांपासून मूल दिवसरात्र डायपरमध्ये. एक डायपर सकाळी, एक संध्याकाळी, एक रात्री. लाली आली म्हणून वडिलांनी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत लाली गेली. आठवड्याने पुन्हा आली, पुन्हा तीच ट्यूब. अशा सहा ट्यूब संपल्या होत्या. मुलाचे गाल मात्र चांगले गोल गरगरीत दिसत होते. घरचे म्हणत होते, पोराने बाळसे धरले आहे.

ते बाळसे नव्हते. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. ते नाजूक कातडीतून रक्तात उतरत होते आणि त्यामुळे चेहऱ्यावर सूज आली होती.

आजी म्हणाली, "डाक्टर साहेब, आमना येळे कोठे व्हतं हाई?" म्हणजे, आमच्या वेळी हे कुठे होते? आजीचे म्हणणे निम्मे खरे होते. निम्मे का, ते पुढे सांगतो. आजच्या लेखात बाळाचा लंगोट, विकतचे डायपर आणि एकूणच लहान बाळाच्या घरातील खरेदी या विषयावर बोलू.

लाली का येते?

आपल्या त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यामुळे जंतूंपासून तिचे रक्षण होते. लघवीने हा भाग सतत ओला राहिला की कातडी फुगते, मऊ पडते आणि कापडाच्या किंवा डायपरच्या घर्षणाने सोलवटते. त्यात शीची भर पडली की परिस्थिती अधिक बिघडते. शीमधल्या जंतूंमुळे लघवीतील युरियापासून अमोनिया तयार होतो, त्वचेचा आम्लपणा कमी होतो आणि शीमधील पाचकरस जास्त जोमाने काम करू लागतात. आतड्यात अन्न पचवणारे हे रस बाहेर बाळाच्या कातडीला झोंबतात. म्हणूनच जुलाब झालेल्या मुलाचे ढुंगण एका दिवसात लाल होते.

ओले आणि घाण झालेले आवरण जास्त वेळ अंगाला राहणे, हे लालीचे मुख्य कारण आहे. मग ते आवरण कापडाचे असो की विकतचे. चांगल्या डायपरमध्ये ओल शोषणारी पूड असते, तिच्यामुळे कातडी बरीच कोरडी राहते, हे मान्य केले पाहिजे. परंतु कोरडे दिसते म्हणून आई ते आठ-दहा तास बदलत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो. लंगोट ओला झाला की मूल रडते, अंथरूण भिजते, त्यामुळे तो बदलावाच लागतो. डायपर गप्प बसते.

सर्वांत वाईट म्हणजे लंगोटावरून घालायची प्लास्टिकची चड्डी. तिच्यात आतली वाफ कोंडते. खान्देशच्या उन्हाळ्यात ती घरात आणूच नये.

लालीचे दोन प्रकार मातांना ओळखता आले पाहिजेत. साध्या लालीत वर आलेला भाग लाल होतो, पण जांघेच्या घड्या बहुधा स्वच्छ राहतात. दुसरा प्रकार बुरशीचा. त्यात घड्यांच्या आतही गडद लाली असते आणि कडेला बारीक लाल पुटकुळ्या सुटतात. जुलाबानंतर किंवा अँटिबायोटिकच्या औषधानंतर हा प्रकार विशेष आढळतो. अशा वेळी तोंडात पांढरे चट्टेही असू शकतात.

साध्या लालीला औषध फारसे लागत नाही. साध्या कोमट पाण्याने आणि मऊ सुती कापडाने भाग धुवावा, न घासता टिपून कोरडा करावा आणि दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटे बाळाला उघडे ठेवावे. त्यानंतर झिंक ऑक्साइडचे मलम किंवा शुद्ध खोबरेल तेलाचा पातळ थर लावावा. हळद, पावडर, सुगंधी ओले रुमाल यांपैकी काही नको. मुलीची शी पुसताना नेहमी पुढून मागे पुसावी, म्हणजे शीचे जंतू लघवीच्या जागी जात नाहीत. तीन दिवसांत फरक पडला नाही, बुरशीची लक्षणे दिसली, फोड किंवा पू झाला, किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे.

त्या ट्यूबचा धोका

बाजारात अशा अनेक ट्यूब आहेत की ज्यांत बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टिरॉइड अशी तिन्ही एकत्र असतात. स्टिरॉइडने लाली झटपट दबते, त्यामुळे गुण आला असे वाटते. पण बुरशी आत वाढतच राहते आणि कातडी पातळ होते. डायपरखाली लावलेले मलम झाकले जाते, त्यामुळे ते कितीतरी जास्त शोषले जाते. मोठ्या माणसाच्या कोपरावर लावणे वेगळे आणि बाळाच्या जांघेत लावून वरून डायपर बांधणे वेगळे.

२०१८ साली केंद्र सरकारने कातडीला लावायची अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली. तरीही ती सहज मिळतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. म्हणून ट्यूब घेण्यापूर्वी वेष्टनावरील घटक वाचावेत. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय ती बाळाला लावू नये. मात्र एखाद्याने अशी ट्यूब आधीच अनेक आठवडे वापरली असेल, तर ती घरच्या घरी एकाएकी बंद न करता बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. शरीराला बाहेरून मिळणाऱ्या स्टिरॉइडची सवय झालेली असते, आणि ते अचानक तुटले तर ताप-जुलाबासारख्या साध्या आजारातही बाळ गळून जाऊ शकते.

लंगोट कसा असावा?

आपला भाग कापसाचा, आणि कापसाइतके बाळाच्या अंगाला मानवणारे दुसरे कापड नाही. नव्या कापडापेक्षा वापरून मऊ झालेले सुती पातळ किंवा धोतर उत्तम. बाळाला पहिले काही दिवस नवे कपडे घालू नयेत, जुनेच घालावेत, ही आपल्याकडील रीत आहे. तिच्यामागे शहाणपण आहे. नव्या कापडातील खळ आणि कच्चा रंग बाळाला बाधतो. जुने कापड धुऊन धुऊन खळ गेलेले असते. नवे घ्यायचेच असेल तर मलमलचे घ्यावे आणि दोन-तीन वेळा धुऊन मगच वापरावे. मांजरपाट खरखरीत असतो, त्याचे दुपटे शिवावे, लंगोट नको. नायलॉन किंवा टेरिकॉट मिसळलेले कापड ओल शोषत नाही, म्हणून तेही टाळावे.

लंगोट किती लागतात? पहिल्या महिन्यात बाळ दिवसाला दहा-बारा वेळा ओले करते. रोज धुणे होत असेल तर दोन डझन पुरे. पावसाळ्यात, किंवा नळाला एक-दोन दिवसाआड पाणी येत असेल तर तीन डझन ठेवावेत. आता हिशोब पाहा. नऊवारी पातळ सव्वाआठ मीटरपेक्षा किंचित कमी लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद असते. पंचावन्न सेंटिमीटरचे चौकोन कापले तर रुंदीत दोन आणि लांबीत चौदा, म्हणजे एका लुगड्यात अठ्ठावीस लंगोट निघतात. पाचवारीत त्याहून कमी निघतात. आजीच्या एका लुगड्यात बाळाची पहिल्या महिन्याची सोय होते.

कडा दुमडून शिवून घ्याव्यात. सुटलेला धागा बाळाच्या पायाच्या बोटाला किंवा मुलाच्या लघवीच्या जागेला गुंडाळला जाऊन रक्त अडते. बाळ कारण नसताना एकसारखे रडत असेल तर बोटे तपासून पाहण्याची मला सवय आहे, ती मातांनीही लावून घ्यावी.

बांधताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, लंगोट बेंबीच्या खाली बांधावा, म्हणजे नाळ कोरडी राहून लवकर पडते. नाळेला काहीही लावू नये. दोन, नाडी आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत. तीन, पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळू नयेत. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले आणि फाकलेले असणे हीच त्याची नैसर्गिक ठेवण आहे. पाय सरळ आवळून बांधल्याने खुब्याचा सांधा निसटण्याचा धोका वाढतो. सेफ्टी पिन शक्यतो वापरू नये.

धुणे आणि वाळवणे

लंगोटाबद्दलची बहुतेक तक्रार ही धुण्याची तक्रार असते. पद्धत सोपी आहे.

१) शी आधी संडासात झटकावी आणि लंगोट थोड्या पाण्यात खळबळून घ्यावा. तान्ह्या बाळाच्या शीने काही होत नाही, ही समजूत चुकीची आहे. तिच्यातून जुलाबाचे जंतू घरभर पसरू शकतात. म्हणून ती उघड्या गटारीत टाकू नये आणि दर वेळी साबणाने हात धुवावेत.

२) शीचे आणि लघवीचे लंगोट वेगळ्या बादल्यांत, झाकण ठेवून भिजवावेत. रांगणारे मूल घरात असेल तर भरलेली बादली त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

३) साध्या साबणाने धुवावे. अमळनेरला १९४५ साली सुरू झालेल्या ज्या वनस्पती तेलाच्या कारखान्यातून पुढे विप्रो कंपनी उभी राहिली, तिथे '७८७' नावाचा कपडे धुण्याचा साबण निघत असे. असा साधा धुण्याचा साबण लंगोटाला पुरतो. 'बेबी'चे चित्र असलेली महाग बाटली लागत नाही. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव वापरल्यास कापड ओल शोषेनासे होते. जंतुनाशक द्रवाने कातडी पोळते, तेही नको.

४) खळबळणे हा सर्वांत महत्त्वाचा भाग. कापडात राहिलेला साबण लालीचे कारण ठरतो. तीन पाण्यांतून काढावे. आपल्याकडे अनेक बोअरचे पाणी जड आहे, त्यात साबणाला फेस येत नाही आणि तो कापडात अडकून राहतो. अशा ठिकाणी निदान शेवटचे पाणी नळाचे घ्यावे.

५) कडक उन्हात वाळवावे. ऊन आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे. तिन्हीसांजेनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवू नयेत असे म्हातारी माणसे सांगतात. कारण ते काहीही देवोत, दव आणि किडे यांपासून कपडे वाचतात, म्हणून ते पाळावे. पावसाळ्यात दमट लंगोट बांधू नये, गरम इस्त्री फिरवून पूर्ण कोरडा करावा. ओवा-शेपाच्या धुरीवर लंगोट वाळवण्याची पद्धत सोडून द्यावी. धूर बाळाच्या छातीला वाईट.

पेटीतला धोका

आता आजीचे म्हणणे निम्मेच खरे का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका घरी मुलगा झाला. थोरल्या भावाचे लंगोट, झबली, टोपडी आजीने पाच वर्षे लोखंडी पेटीत जपून ठेवली होती. कसर लागू नये म्हणून डांबर गोळ्या टाकल्या होत्या. बाळ घरी आल्याबरोबर पेटी उघडली आणि तेल लावून, अंघोळ घालून बाळाला त्याच कपड्यांत गुंडाळले. चौथ्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागले. पाचव्या दिवशी तळपायापर्यंत पिवळे झाले, लघवी काळपट झाली आणि बाळाने दूध ओढणे सोडले. मी कपडे हातात घेतले तेव्हा त्यांना गोळ्यांचा वास येत होता. बाळाला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे त्याचे रक्त बदलावे लागले. बाळ वाचले. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर कावीळ मेंदूत उतरून मूल बहिरे किंवा कायमचे अपंग झाले असते, किंवा गेलेही असते.

या गोळ्यांत नॅफ्थलीन असते. ते श्वासातून आणि कातडीतून शरीरात जाते. अंगाला तेल लावलेले असेल तर अधिक जाते. काही बाळांच्या रक्तपेशींत 'जी-६-पीडी' नावाचे एक रसायन जन्मतः कमी असते. अशा बाळांच्या रक्तपेशी नॅफ्थलीनमुळे भराभर फुटतात आणि कावीळ वाढते. हा दोष मुलांमध्ये जास्त आढळतो, आणि देशातील काही समाजांत, त्यात काही आदिवासी समाजांतही, त्याचे प्रमाण अधिक आहे. कोणत्या बाळात तो आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून नियम सर्वांसाठी एकच: बाळाचे कपडे, दुपटी, गोधडी यांत डांबर गोळ्या कधीही टाकू नयेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. गोळ्यांचा वास लागलेले कपडे नवजात बाळाला वापरू नयेत. नुसते एकदा धुऊन भागत नाही.

त्या आजीला मी दोष दिला नाही. तिने प्रेमानेच जपले होते. पण जुने ते सगळे निर्धोक, असे समजून चालत नाही, एवढे तिला सांगितले.

कावीळ पहिल्याच दिवशी दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळ सुस्त होऊन पीत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कोवळ्या उन्हात धरून बसू नये.

लंगोट काय सांगतो?

माझ्या मते कापडी लंगोटाचा सर्वांत मोठा फायदा हा की तो बाळाची प्रकृती सांगतो.

पहिल्या दिवशी एखादाच लंगोट ओला होतो, मग दोन, मग तीन. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि बाळाचे वजन वाढत असेल, तर आईचे दूध पुरते आहे असे समजावे. 'माझे दूध बाळाला पुरत नाही' म्हणून डबा सुरू करणाऱ्या मातांना मी आधी लंगोट मोजायला सांगतो. बहुतेकींची शंका तिथेच मिटते. उलट मे महिन्याच्या उकाड्यात लंगोट सहापेक्षा कमी झाले, लघवी गडद झाली, अंग तापले, तर बाळाच्या अंगातील पाणी कमी होत आहे. त्याला वारंवार अंगावर पाजावे आणि लगेच दाखवावे. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. आईच्या दुधात पाणी पुरेसे असते. पाणी आईने जास्त प्यावे.

रंगही पाहावा. पहिले दोन-तीन दिवस शी काळी-हिरवी चिकट असते, नंतर पिवळी होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत विटकरी गुलाबी डाग दिसला तर तो बहुधा लघवीतील क्षारांचा असतो. तो पुढेही दिसत राहिला तर दाखवावे. मुलीला पहिल्या आठवड्यात किंचित रक्तासारखा स्राव होऊ शकतो, घाबरू नये. मात्र शी पांढरट, शाडूच्या मातीसारखी असेल आणि लघवीने लंगोट पिवळा डागाळत असेल, तर यकृतातून पित्त बाहेर येत नाही असा संशय घ्यावा. यावरील शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचे होण्याच्या आत झाली तर यश चांगले येते. 'साधी कावीळ आहे, उतरेल' म्हणून वाट पाहण्यात ते दिवस जातात.

बाळाला उघडे ठेवले की मुलाची धारही दिसते. धार जोरात न येता थेंब थेंब येत असेल तर मूत्रमार्गात अडथळा असू शकतो. डायपरमध्ये हे महिनोन्‌महिने लपून राहते.

डायपर केव्हा?

मी डायपरच्या विरोधात नाही. जळगावहून पुण्याला रात्रीच्या गाडीने जाताना, लग्नकार्यात, आई आजारी असताना, घरात पाणी नसताना त्याचा उपयोग आहे. ज्या घरी धुणारी एकटी बाळंतीणच आहे, तिथे रात्रीचे एक डायपर म्हणजे तिची चार तासांची झोप. बाळंतिणीची झोप हीसुद्धा औषधच आहे. फक्त तीन-चार तासांनी आणि शी झाल्यास ताबडतोब बदलावे. रात्री बाळ पाजायला उठेल तेव्हा हात लावून पाहावे. मे महिन्यात दिवसा शक्यतो घालू नये.

खर्चाचा हिशोब पाकिटावरील किंमत भागिले नग असा प्रत्येकाने करावा. समजा एक नग दहा रुपयांना पडला. दिवसाला पाच धरले तर महिन्याला १५०० रुपये, दोन वर्षांत ३६,००० रुपये. तेच फक्त रात्री एक वापरले तर महिन्याला ३०० रुपये. वाचलेले १२०० रुपये म्हणजे रोजचे चाळीस. त्यात बाळंतिणीला सुमारे अर्धा लिटर दूध आणि एक अंडे मिळते. त्या सात महिन्यांच्या मुलाची आई फिकट पडली होती. डायपरला पैसे होते, तिच्या दुधाला नव्हते.

वापरलेल्या डायपरचे काय करायचे, हाही प्रश्न आहे. त्यात प्लास्टिक असते, ते कुजत नाही. पांझरा आणि गिरणेच्या पात्रात, नाल्यांत, उकिरड्यावर ते पडलेले आपण पाहतो. गुरे, कुत्री ते ओढतात. जाळल्यास विषारी धूर होतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ते वेगळे गुंडाळून देणे बंधनकारक केले. आतील शी संडासात टाकावी, डायपर कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळे द्यावे, संडासात कधीही टाकू नये.

खरेदीला जाण्यापूर्वी

जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर जाण्यापूर्वी घरी बसून यादी करावी. पहिल्या तीन महिन्यांना लागते ते एवढेच: लंगोट, सहा-आठ सुती झबली, चार दुपटी, एक मेणकापड, मच्छरदाणी, डिजिटल थर्मामीटर, साधा साबण आणि खोबरेल तेल. झबली एक माप मोठी घ्यावीत. नातेवाइकांनी 'बारशाला काय आणू' असे विचारले तर संकोच न करता मच्छरदाणी किंवा बाळंतिणीसाठी खारीक-खोबरे सांगावे.

न लागणाऱ्या वस्तूंची यादी मोठी आहे.

पावडर: बाळाला तिची गरज नाही, श्वासात गेली तर अपाय होतो. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने टाल्कची बेबी पावडर जगभर बंद करण्याचे २०२२ साली जाहीर केले आणि २०२३ मध्ये ती बंद केली.

दुधाची बाटली आणि डबा: १९९२ साली आपल्याकडे कायदा झाला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. दोन वर्षांखालील मुलांचे डब्याचे अन्न, दुधाची पावडर आणि बाटली यांच्या जाहिरातीला त्याने बंदी आहे. ज्या वस्तूची जाहिरातच कायद्याने बंद करावी लागली, ती घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. सहा महिन्यांनंतर जळगावचे केळे कुस्करून, घट्ट वरण-भात तूप घालून, उकडलेले अंडे, असे घरचे अन्न डब्यापेक्षा सरस.

वॉकर: चाकांच्या वॉकरमधून मुले पायरीवरून कोसळतात, चुलीपर्यंत पोचतात. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदी घातली. चालायला त्याने लवकर येत नाही.

मोहरीची उशी, काजळ, ग्राइप वॉटर: तिन्ही नकोत. तान्ह्या बाळाला उशीच नको, तोंड दबून गुदमरण्याची भीती असते.

एक वस्तू मात्र घरात असावी, ती म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या ओआरएसच्या पुड्या. या नावाने खोक्यातली गोड पेये विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना 'ओआरएस' हे नाव वापरण्यास मनाई केली. तरी पुडी घेताना सूत्राचा उल्लेख आणि किती पाण्यात मिसळायची हे वाचूनच घ्यावे.

शेवटी त्या मुलाचे काय झाले, हे वाचक विचारतील. त्याला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. औषध हळूहळू कमी करत तीन महिने लागले. दिवसा लंगोट, रात्री एक डायपर, असे घरच्यांनी ठरवले. वडिलांनी आजीचे लुगडे फाडून स्वतः अठ्ठावीस चौकोन कापले आणि शेजारच्या शिंप्याकडून कडा मारून घेतल्या. दिवाळीच्या आधी ते पुन्हा आले, तेव्हा मुलाचे गाल पहिल्यापेक्षा उतरले होते. आजीला ते काही आवडले नव्हते. मी वजनाचा काटा दाखवला. वजन वाढले होते. "आजी, हे खरे बाळसे," असे तिला सांगितले.